विश्लेषण : टीव्हीसमोर धावायला लावणारे जुने व्हिडिओ गेम कुठे गेले?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की हिंगोली, वसमत, कळमनुरीत सकाळी अकरानंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. पारा चाळिशीपार जातो, मुले घरात बसतात आणि घरात बसणे म्हणजे मोबाइल घेऊन बसणे, हे आता सांगायला नको. अशा वेळी पालकांना ऑनलाइन दुकानात टीव्हीला जोडायची ‘डान्स मॅट’ दिसते. खेळाचा खेळ आणि व्यायामाचा व्यायाम, असे तिच्याविषयी सांगितले जाते. हे आश्वासन चार दशके जुने आहे. अटारी आणि निन्टेन्डोच्या जमान्यात पायाने खेळायच्या मॅट, तोल सांभाळायच्या फळ्या आणि टीव्हीला जोडायच्या सायकली निघाल्या होत्या. त्यातल्या बहुतेक दोन-तीन वर्षांत गायब झाल्या आणि त्यांच्यासोबतचा एक खेळ आज संग्राहक लाखो रुपयांना घेतात. या उपकरणांचे काय झाले, त्यांनी व्यायाम होत होता का आणि हिंगोलीतल्या घराने त्यातून काय घ्यावे, याचा आढावा.

याची सुरुवात कुठून झाली?

अमेरिकेत १९८२ साली ‘अटारी २६००’ हा घरगुती व्हिडिओ गेम ऐन भरात होता. टीव्हीला एक डबा जोडायचा, त्यात कॅसेट खुपसायची आणि हातातल्या दांडीने, म्हणजे जॉयस्टिकने खेळायचे. त्या वर्षी ‘अमिगा’ या छोट्या कंपनीने ‘जॉयबोर्ड’ बाजारात आणला. ही प्लास्टिकची फळी होती. तिच्यावर उभे राहून पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे झुकायचे. फळीच्या खाली चार दिशांना चार स्विच होते, म्हणजे हातातली जॉयस्टिकच पायाखाली घेतली होती. सोबत बर्फावरून घसरत जाण्याचा ‘मोगल मॅनिअ‍ॅक’ हा खेळ मिळत असे. आणखी दोन खेळ तयार होत होते, पण ते तेव्हा दुकानापर्यंत पोहोचलेच नाहीत. एका खेळासाठी एवढी मोठी फळी घरात कोण ठेवणार?

या फळीची एक गंमत मात्र संगणकाच्या इतिहासात कायमची राहिली. अमिगाचे अभियंते पुढे स्वतःचा संगणक बनवत होते. तो वारंवार बंद पडायचा. वैतागले की ते जॉयबोर्डवर मांडी घालून बसत आणि जराही न हलता किती वेळ राहता येते, याची स्पर्धा लावत. भारतीय साधू ध्यानाला बसतात तसे. त्यावरून संगणक कोलमडल्यावर पडद्यावर येणाऱ्या संदेशाला त्यांनी नाव दिले, ‘गुरू मेडिटेशन’. कमोडोर कंपनीने १९८४ मध्ये अमिगा विकत घेतली, तरी हा संदेश पुढची अनेक वर्षे लाखो लोकांनी पाहिला. हालचाल करायला लावणारी फळी शेवटी लक्षात राहिली ती तिच्यावर स्वस्थ बसणाऱ्यांमुळे.

पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, ‘एक्सस’ नावाच्या कंपनीची ‘फूट क्रेझ’ ही छोटी मॅट आली. तिच्यावर पाच रंगीत बटणे होती. ‘व्हिडिओ जॉगर’मध्ये जागेवर धावायचे आणि ‘व्हिडिओ रिफ्लेक्स’मध्ये पडद्यावरच्या रंगानुसार पाय टाकायचा. खुद्द अटारीही व्यायामाची सायकल टीव्हीला जोडण्याच्या खटपटीत होती. ‘पफर’ हे तिचे नाव. जितक्या जोरात पायडल माराल तितके पडद्यावरचे वाहन पळणार. ती विक्रीला आलीच नाही, कारण १९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा सारा बाजारच कोसळला. सुमारे ३ अब्ज डॉलरची उलाढाल दोन वर्षांत १० कोटी डॉलरच्या आसपास आली. दुकानदारांनी साठा मातीमोल भावाने काढून टाकला. त्या पडझडीत ‘फूट क्रेझ’ नेमक्या चुकीच्या वेळी बाजारात होती. थोड्याच विकल्या गेल्या आणि ज्या विकल्या त्या पायाखाली तुडवल्या गेल्या. म्हणून आज अटारीच्या संग्राहकांच्या यादीत ती फार वर आहे.

मॅटच्या आत नेमके असते काय?

मॅटच्या आत विशेष काही नाही. प्लास्टिकचे दोन पापुद्रे, दोन्हींच्या आतल्या बाजूला वीज वाहून नेणाऱ्या कार्बनच्या शाईचे पट्टे आणि मधे भोके पाडलेला स्पंजचा थर. पाय पडला की भोकाच्या जागी वरचा पापुद्रा खालच्याला टेकतो आणि सर्किट पूर्ण होते. पाय उचलला की स्पंज त्यांना पुन्हा वेगळे करतो. टीव्हीच्या रिमोटमध्ये, कॅल्क्युलेटरमध्ये, तहसील कार्यालयातल्या संगणकाच्या कीबोर्डमध्ये याच जातीची रचना असते. फरक एवढाच, की रिमोटवर बोट पडते आणि इथे ४० किलोंचे पोर उडी मारते.

ही उपकरणे दुर्मीळ होण्याचे निम्मे कारण या रचनेतच आहे. मॅट घडी घालून कपाटावर टाकली की घडीच्या रेषेवर कार्बनचे पट्टे तडकतात. स्पंज वर्षानुवर्षे दबून चपटा होतो, मग बटण एकतर कायम दाबलेले राहते किंवा लागतच नाही. घाम आणि दमट हवा उरलेले काम करतात. मॅट सतरंजीसारखी गुंडाळून उभी ठेवली तर बरीच टिकते. पण खेळण्याची एवढी काळजी कोण घेतो?

तरी एक जमेची बाजू आहे. ‘डक हंट’ची बंदूक जुन्या फुगीर काचेच्या टीव्हीशिवाय चालत नाही. आजच्या सपाट टीव्हीवर तिचा नेम लागत नाही, कारण ती त्या काचेवर क्षणभर उमटणारा प्रकाश टिपते. मॅट म्हणजे निव्वळ बटणे. ती कुठल्याही टीव्हीवर चालते. नव्या टीव्हीत चित्र किंचित उशिरा येते, त्यामुळे तालावर नाचायच्या खेळात पाय चुकल्यासारखा वाटतो, एवढेच.

एका खेळाला ४१ हजार डॉलर कशासाठी?

या साऱ्या कथेतला सर्वात गाजलेला भाग निन्टेन्डोचा आहे. जपानच्या बन्दाई कंपनीने १९८६ मध्ये ‘फॅमिली ट्रेनर’ नावाची मॅट काढली. जपानमध्ये ती चालली. पुढच्या वर्षी बन्दाईने ती ‘फॅमिली फन फिटनेस’ या नावाने अमेरिकेत नेली, सोबत ‘स्टेडियम इव्हेंट्स’ हा धावण्या-उड्या मारण्याचा खेळ. निन्टेन्डोला ही कल्पना इतकी आवडली की तिने अमेरिकेतले हक्क स्वतःकडे घेतले, १९८८ मध्ये मॅटला ‘पॉवर पॅड’ हे नाव दिले आणि तोच खेळ ‘वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट’ या नव्या वेष्टनात आणला. जुन्या नावाच्या प्रती दुकानांतून परत मागवल्या गेल्या. तोवर सुमारे २०० प्रतीच विकल्या गेल्या असाव्यात, असा संग्राहकांचा अंदाज आहे.

पॉवर पॅड ही मॅट मुळीच दुर्मीळ नाही. निन्टेन्डोने ती पुढे यंत्रासोबतच्या संचातही दिली, त्यामुळे ती लाखो घरांत गेली. ‘वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट’ही अगदी किरकोळ किमतीला मिळतो. ‘स्टेडियम इव्हेंट्स’ची कॅसेट आतून जवळपास तीच, पण तिच्यावरचा कागद वेगळा. त्या कागदाची किंमत काय? २०१० च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनातील एका महिलेने घरातल्या अडगळीतला जुना निन्टेन्डो आणि काही खेळ लिलावाच्या संकेतस्थळावर टाकले. त्यात या खेळाचे खोके होते. बोली १३,१०५ डॉलरवर थांबली. त्याच महिन्यात दुसऱ्या एकाकडची, कधीच न उघडलेली प्रत ४१,३०० डॉलरला गेली. तेव्हाच्या दराने सुमारे १९ लाख रुपये. हिंगोलीत त्या काळी एवढ्यात बरे घर उभे राहिले असते.

अर्थात ही किंमत व्यायामाची नाही आणि खेळाच्या दर्जाचीही नाही. एका कंपनीने नाव बदलले आणि माल परत बोलावला, एवढ्या एका व्यापारी निर्णयातून ती आली. मोठी किंमत आली की नकली मालही येतो. स्वस्त कॅसेटवर छापील कागद चिकटवून ‘स्टेडियम इव्हेंट्स’ म्हणून विकण्याचे प्रकार या छंदात सर्वांना माहीत आहेत. शिवाय युरोपात विकलेली याच नावाची प्रत तुलनेने सहज मिळते. नाव तेच, पण किंमत अमेरिकन प्रतीच्या जवळपासही नाही.

खेळ कसा होता, हेही सांगायला हवे. मॅटच्या एका बाजूला तीन ओळींत १२ गोल आखलेले. जागेवर धावायचे, अडथळा आला की उडी. आपल्याकडे अंगणात खडूने आखलेले ठिक्करचे चौकोन आठवा, त्यांना टीव्ही जोडला की झाले. लांब उडीत मुलांनी लगेच पळवाट शोधली होती. धावत येऊन उडी मारायची ती थेट मॅटच्या बाहेर. यंत्राला वाटायचे गडी अजून हवेतच आहे. मग निवांत परत मॅटवर पाय ठेवायचा आणि विक्रम आपला. काही जण तर गुडघ्यावर बसून हातांनीच मॅट बडवत. खेळ व्यायामाचा असला, तरी खेळाडूला जिंकायचे असते, व्यायाम करायचा नसतो. या उपकरणांच्या निर्मात्यांना ही अडचण शेवटपर्यंत सुटली नाही.

सायकलींचे काय झाले?

त्या महाग होत्या, म्हणून थोड्यांनीच घेतल्या. सिअ‍ॅटलच्या रेसरमेट कंपनीने ‘कॉम्प्युट्रेनर’ची एक आवृत्ती निन्टेन्डोला जोडून दिली होती. स्वतःची सायकल तिच्या सांगाड्यावर चढवायची आणि पडद्यावर शर्यत लावायची. १९९४ मध्ये व्यायाम यंत्रे बनवणाऱ्या लाइफ फिटनेसने सुपर निन्टेन्डोला जोडलेली ‘एक्झरटेन्मेंट’ सायकल आणली. तिच्या ‘माउंटन बाइक रॅली’ या खेळात चढ आला की पायडल खरोखर जड होई. कल्पना उत्तम होती. पण सायकल घेणाऱ्या मोठ्या माणसाला खेळ नको होता आणि खेळ हवा असलेल्या मुलाला सायकल परवडत नव्हती. कॉम्प्युट्रेनर मात्र टिकला, तो संगणकाला जोडून गंभीर सायकलपटूंच्या सरावासाठी. पुढे तीस-एक वर्षे तो विकला गेला.

आपल्याकडे हे का आले नाही?

ऐंशीच्या दशकात आयातीवरचे निर्बंध आणि जकात पाहता निन्टेन्डोचे मूळ यंत्र मराठवाड्यात येण्याचा प्रश्नच नव्हता. नव्वदच्या दशकात आली ती त्याची नक्कल. ‘मारिओ’, ‘कॉन्ट्रा’वाला टीव्ही गेम, ‘९९९९ इन वन’ची पिवळी कॅसेट आणि तासाप्रमाणे पैसे घेणारी दुकाने. या नकली यंत्रांसोबत दोन रिमोट आणि एक बंदूक मिळे, मॅट नाही. अमेरिकेतून कोणी मॅट आणली असती तरी ती लागली नसती. मूळ अमेरिकन कॅसेटला ७२ पिना आणि आपल्याकडच्या जपानी धाटणीच्या कॅसेटला ६०, शिवाय रिमोटची खाचही निराळी. त्यामुळे आपल्या एका पूर्ण पिढीने ऑलिम्पिकची धाव अंगठ्याने काढली. बटण इतके बडवायचे की रिमोटचे रबर फाटायचे आणि मग वर्तुळाकार तुकडा कापून पुन्हा चिकटवला जायचा.

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ ला. त्याच वर्षी जपानच्या कोनामी कंपनीने ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ हा नाचाचा खेळ, आदल्या वर्षी गेम पार्लरमध्ये गाजल्यावर, मॅटसह घरगुती प्लेस्टेशनवर आणला. पडद्यावर बाण वर सरकतात, त्या तालावर चार दिशांना पाय टाकायचा. आज ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त मॅट याच खेळाच्या चिनी नातवंडांपैकी आहेत.

व्यायाम खरोखर होतो का?

होतो, पण जाहिरातीत सांगतात तेवढा नाही आणि फार दिवस नाही. ब्रिटनमधील संशोधकांनी २००७ मध्ये ‘बीएमजे’त प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले, की हालचालीचे व्हिडिओ गेम खेळताना बसून खेळण्यापेक्षा जास्त ऊर्जा खर्च होते, पण खरा खेळ मैदानात खेळण्यापेक्षा ती कमीच असते. नाचाच्या मॅटवर मनापासून खेळले तर झपझप चालण्याइतका दम लागतो. फुगडी, झिम्मा, मंगळागौरीचे खेळ ज्यांनी रात्रभर खेळले आहेत त्यांना हे सांगायला संशोधक लागत नाहीत.

अवघड प्रश्न पुढचा आहे. यंत्र घरात आल्याने मूल एकूण जास्त हलते का? अमेरिकेतल्या ह्यूस्टन येथील संशोधकांनी ९ ते १२ वर्षांच्या मुलांना व्हिडिओ गेम यंत्रे दिली. काहींना हालचालीचे खेळ, काहींना बसून खेळायचे. कमरेला हालचाल मोजणारे उपकरण लावून सुमारे तीन महिने नोंदी घेतल्या. ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात २०१२ मध्ये निष्कर्ष आला : दोन्ही गटांच्या हालचालीत फरक नाही. नवे खेळणे म्हणून मुले खेळली असतील, पण तेवढी हालचाल दुसरीकडे कमी झाली असेल किंवा कंटाळून मॅट बाजूला पडली असेल.

याच्या उलट उदाहरण शाळांचे आहे. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याने २००६ मध्ये आपल्या सर्व ७६५ सरकारी शाळांत नाचाचा हाच खेळ नेण्याची योजना जाहीर केली. मैदानी खेळात मागे राहणारी, सांघिक खेळात कोणी न निवडणारी मुले या मॅटवर उतरतील, ही त्यामागची अपेक्षा होती. घरातली आणि शाळेतली मॅट यात यंत्राचा फरक नाही. फरक आहे ठरलेल्या तासाचा, शेजारी खेळणाऱ्या सोबत्याचा आणि पाहणाऱ्या शिक्षकाचा. माझ्या मते या साऱ्या चाळीस वर्षांच्या प्रयोगातली कामाची गोष्ट हीच आहे.

वैद्यकीय उपयोगाची एक शाखा मात्र वेगळी निघाली. निन्टेन्डोने २००७ मध्ये जपानमध्ये ‘वी फिट’ आणला. त्याची फळी म्हणजे चार कोपऱ्यांत चार वजनमापक असलेला काटा. दोन काट्यांवर उभे राहून वजन करणाऱ्या सुमो पैलवानांवरून ती सुचल्याचे तिचे निर्माते शिगेरू मियामोतो यांनी सांगितले होते. ‘वी फिट’च्या दोन कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिले, की उभ्या माणसाचा तोल मोजण्यात ही खेळण्यातली फळी प्रयोगशाळेतल्या कैकपट महाग उपकरणाच्या तोडीची आहे. त्यानंतर भौतिकोपचाराच्या क्षेत्रात, विशेषतः पक्षाघातानंतरच्या आणि वृद्धांच्या तोल सावरण्याच्या सरावात, तिच्यावर जगभर अभ्यास झाले. जॉयबोर्डची ही नात आजीपेक्षा बरीच भाग्यवान निघाली.

मग हिंगोलीत याचा उपयोग कुणाला?

सरसकट सर्वांना नाही. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल सुचवते. शाळकरी वयातील, ११ ते १७ वर्षांची जगातली ८१ टक्के मुले-मुली या मापात बसत नाहीत. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ मध्ये आलेल्या अहवालानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. स्त्रियांत हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांत ४२.

अशा सरासरीत जिल्ह्याचे खरे चित्र बुडून जाते. वसमत तालुक्यात हळद काढणीला जाणाऱ्या बाईला कोणी व्यायामाची मॅट दाखवली तर ती हसेल, आणि बरोबरच हसेल. तिला हवी आहे विश्रांती. पण तिचीच मुलगी बारावीला तालुक्याच्या गावी खोली करून राहते, सकाळी शिकवणी, दुपारी कॉलेज, संध्याकाळी अभ्यासिका. मुलगा संध्याकाळी मैदानावर जातो. मुलीने अंधार पडल्यावर रस्त्यावर धावायचे म्हटले तर घरातून आणि गल्लीतून दोन्हीकडून प्रश्न येतात. प्रश्न मैदानाचा आहे, सुरक्षिततेचा आहे, मॅटने तो सुटत नाही. तरी चार बाय चार फुटांच्या जागेत, दार लावून, दोघी-तिघींनी वीस मिनिटे घाम गाळायची सोय या मुलींच्या जास्त कामाची आहे. बाजारात जाहिरात मात्र लहान मुलांसाठी होते.

पोलीस भरतीच्या तयारीला लागलेल्यांनी यात पडू नये. हिंगोलीत राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ आहे, त्यामुळे भरतीचे वारे इथे बारमाही. शारीरिक चाचणीत शिपाई पदासाठी मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर आणि राखीव दलासाठी ५ किलोमीटर धावावे लागते. जागेवर धावण्यात पुढे ढकलण्याचा जोर लागतच नाही, त्यामुळे मॅटवर कितीही विक्रम केले तरी त्या वेळा सुधारत नाहीत. पहाटेच्या रस्त्याला पर्याय नाही.

वृद्धांसाठी तोल सांभाळण्याची फळी उपयोगी ठरू शकते, पण ती भौतिकोपचार तज्ज्ञाच्या देखरेखीत. साठी-सत्तरीतल्या माणसाला गुळगुळीत फरशीवरच्या घसरत्या मॅटवर उभे करणे म्हणजे पडण्याला निमंत्रण. मुलांसाठीही मॅटखाली रबरी थर हवा आणि पायात मोजे नकोत.

जुने उपकरण परदेशातून मागवावे का?

छंद असेल तर जरूर, व्यायामासाठी नाही. आणि छंद असला तरी एक गोष्ट मागवण्याआधी पाहावी. अमेरिकन यंत्राचा अडॅप्टर ११०-१२० व्होल्टचा असतो आणि जपानी १०० व्होल्टचा. आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात तो थेट खोचला तर क्षणात जळतो, कधी यंत्रही घेऊन जातो. योग्य अडॅप्टर किंवा व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आधी घ्यावा. ‘चालू स्थितीत’ असे लिहिलेल्या मॅटचे प्रत्येक बटण दाबून दाखवणारा व्हिडिओ विक्रेत्याकडे मागावा. तीस वर्षे घडी घालून ठेवलेल्या मॅटची दोन-तीन बटणे मेलेली असणे हे नेहमीचे. पाठवणी आणि सीमाशुल्क मिळून मूळ किमतीच्या वर खर्च जातो, तो वेगळाच.

शाळेत मॅट बनवता येईल?

येते, आणि जिल्हा परिषदेच्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनासाठी हा नेहमीच्या ज्वालामुखीपेक्षा बरा प्रयोग आहे. साहित्य तालुक्याच्या बाजारात मिळते : पोळ्या गुंडाळायचा अ‍ॅल्युमिनियम फॉइल, गादीवाल्याकडचा पातळ फोम, जाड पुठ्ठा, वायर आणि संगणकाला जोडायचा यूएसबीवाला स्वस्त गेमपॅड. वरून पांघरायला जुना फ्लेक्स. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स आपल्याकडे कमी नाहीत आणि ते चांगले टिकाऊही असतात.

खालच्या पुठ्ठ्यावर फॉइलचा एकच मोठा पत्रा चिकटवायचा. त्यावर फोम, फोममध्ये चार बाणांच्या जागी रुपयाच्या नाण्याएवढी बरीच भोके. त्यावर उलटे ठेवायचे फॉइल लावलेले चार वेगवेगळे पुठ्ठे. बहुतेक गेमपॅडमध्ये सर्व बटणांची एक बाजू आत एकमेकांना जोडलेली असते. मल्टिमीटरने ती शोधून तिथून एक तार खालच्या पत्र्याला आणि चार बाणांच्या बटणांपासून चार तारा वरच्या चार तुकड्यांना जोडल्या की पाच तारांत मॅट तयार होते. सोल्डरिंगच्या आधी बटणाखालचा काळा कार्बन हलकेच खरवडावा लागतो, नाहीतर डाग धरत नाही. यूएसबीत फक्त ५ व्होल्ट असतात, त्यामुळे झटक्याची भीती नाही. ज्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहे तिथे हेच काम आर्डुइनोने आणखी नीट होते, पण त्यासाठी अडून बसायची गरज नाही.

खेळासाठी ‘स्टेपमॅनिया’ हा मोफत आणि मुक्त स्रोत खेळ आहे. तो शाळेत पडून असलेल्या जुन्या संगणकावरही चालतो. त्यात गाणे आपण टाकू शकतो आणि बाणांचा क्रम स्वतः आखू शकतो. म्हणजे लेझीमच्या चार पावलांचा क्रम बसवून तो मॅटवर आणणेही पाचवी-सहावीच्या मुलांच्या आवाक्यातले आहे. फोम साधारण एका सत्रात दबतो. तेव्हा वरचा फ्लेक्स उचलायचा, वीस-तीस रुपयांचा नवा तुकडा कापून घालायचा आणि फॉइल फाटले असेल तिथे ठिगळ लावायचे.